माटुंग्याची वॅगन

दत्ताराम घाडी यांचं इंजिन नवव्या वर्षी पुरं झालं, आणि पुरं झाल्यावर घरातल्या सगळ्यांच्या, म्हणजे दोघांच्याच, लक्षात आलं की कोळसा ठेवायला त्यात जागा नाही.

इंजिन खेळण्यातलं नव्हतं. लांबीला पावणेतीन फूट, चाकांमधलं अंतर साडेतीन इंच, बॉयलर तांब्याचा आणि पोटात खरा विस्तव. पाणी उकळून वाफ धरली की ते खरोखर ओढायचं, आणि शिटीही मारायचं. पहिली शिटी मारली तेव्हा समोरच्या चाळीतले दोघेजण मोर्चा निघाला असं समजून सदरे चढवून खाली उतरले होते. सत्तावन्न साल होतं, लालबागेत कुठलाही आवाज मोर्चाचाच धरला जायचा.

पण इंजिनाच्या मागच्या खणात कोळसा मावायचा तो दोन आगपेट्यांएवढा. चाळीची गॅलरी नव्वद फुटांची, तेवढेच त्यांनी रूळ टाकलेले. पन्नासाव्या फुटाला विस्तव मान टाकायचा आणि इंजिन जाईबाईंच्या दाराशी उभं राहायचं. जाईबाई दार उघडून त्याच्याकडे बघायच्या आणि पुन्हा लावून घ्यायच्या. शिवाय चालवणाऱ्याने बसायचं कुठे, हा प्रश्न होताच. म्हणजे इंजिनामागे एक वॅगन हवी. पुढच्या भागात कोळसा, मागच्या भागात माणूस, आणि माणसाचा हात कोळशावरून वाकून इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोचला पाहिजे. एवढंच.

दत्ताराम परळच्या रेल्वे कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. इंजिनं खिळखिळी होऊन यायची आणि धडधाकट होऊन जायची. जाताना शेडमधून ड्रायव्हर यायचा, वर चढायचा, वाफ सोडायच्या दांड्यावर हात ठेवायचा आणि इंजिन घेऊन फाटकाबाहेर निघून जायचा. दत्ताराम चिंधीला हात पुसत उभे राहायचे. चौतीस वर्षांत त्यांनी एकही इंजिन वीतभरसुद्धा चालवलं नव्हतं. ड्रायव्हरची ग्रेड वेगळी. घरातलं इंजिन त्यांनी केलं ते एवढ्याचसाठी, की ते न्यायला दुसरं कुणी येणार नव्हतं.

ऑक्टोबरअखेर ते रिटायर होणार होते. दिवाळी झाली की दोघंही कायमची गावी. आणि गाव कोकणातलं. तिथे सपाट जागा म्हणजे देवळापुढचं अंगण, तेही अठरा फूट, मध्ये तुळस. तेव्हा जे काय व्हायचं ते दसऱ्यापर्यंत. एकदा जेवताना, वर न बघता, ते म्हणाले होते, "एकदा बसून चालवलं म्हणजे झालं."

बकुळा, त्यांची बायको, खाणावळ चालवायची. बावीस गिरणीकामगार दोन वेळा तिच्याकडे जेवायचे आणि जेवताना बावीस प्रकारचं बोलायचे. त्यातलं काहीही ती डोक्यात ठेवत नसे, नाहीतर भाताचा अंदाज चुकायचा. पण हे एक वाक्य तिच्या डोक्यात राहिलं.

आता नऊ वर्षं खपून इंजिन करणाऱ्या माणसाला एक वॅगन का करता आली नाही, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर असं, की परळला इंजिनं व्हायची. डबे आणि वॅगनी माटुंग्याला. परळचा माणूस माटुंग्याच्या माणसाकडे बघायचा ते सोनार कल्हईवाल्याकडे बघतो तसा. वॅगन करायला घेणं म्हणजे दत्तारामांच्या हिशेबी खालच्या पायरीवर उतरणं होतं.

त्यातून बकुळाच्या धाकट्या बहिणीचा, कौसल्येचा, नवरा कोंडीराम हा माटुंग्याच्या वॅगन खात्यात. म्हणजे सख्खे साडू. अकरा वर्षांपूर्वी बकुळाच्या भावाच्या लग्नात, भर पंगतीत, कोंडीराम मोठ्याने म्हणाला होता, "इंजिनाचं काय घेऊन बसलात! एकटं सुटलं तर हवा खाऊन परत येतंय. रेल्वे पोसतो तो डबा." दत्ताराम हातातली जिलबी पानात ठेवून उठले होते. तेव्हापासून बोलणं बंद. बारशाला, तेराव्याला दोघं एकाच सतरंजीवर बसायचे आणि पानसुपारीचं तबक मधल्या माणसाकडून मागायचे. मधला माणूस कंटाळला की बहुतेक बकुळाच मध्ये बसायची.

तर माटुंगा वगळून वॅगनीचा शोध सुरू झाला.

पहिली वॅगन दत्तारामांनीच, नाइलाजाने, केली, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याची. दिसायला बरी होती. त्यावर ते बसले आणि डबा इतक्या शांतपणे सपाट झाला, की आवाजसुद्धा आला नाही.

"पत्रा हलका होता," दत्ताराम उठत म्हणाले.

"होय तर," बकुळा म्हणाली. "पत्राच हलका."

दुसरी वॅगन गंगाधरने आणली. गंगाधर हा चाळीतला संयुक्त महाराष्ट्र समितीचा चिटणीस. चाळीत नळ गळला तरी तो त्याचा संबंध दिल्लीशी जोडायचा. त्याने सफरचंदाच्या खोक्याच्या फळ्यांचा एक डबा ठोकून आणला, आणि म्हणाला, "काका, चाकं तुम्ही लावा. बाजूला घोषणा आम्ही लिहिणार. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.'"

डब्याची बाजू अकरा इंचांची. घोषणा मावेना. मग गॅलरीत बैठक बसली. 'मुंबईसह' गाळावं असं कुणी म्हणायची सोयच नव्हती. 'संयुक्त' गाळलं तर बेळगावचे पाहुणे येतात, त्यांना काय तोंड दाखवायचं? 'झालाच'मधला 'च' काढावा असं एकाने सुचवलं, तेव्हा गंगाधर म्हणाला, "च काढलास तर ती विनंती झाली. आपण विनंती करतोय काय?" रात्रीच्या पाळीची माणसं उठून गेली तेव्हा बैठक संपली. डब्यावर काहीच लिहिलं गेलं नाही. दत्तारामांनी डबा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "फळ्या आडव्या पाहिजेत. या उभ्या आहेत." आणि तो कोंबड्या ठेवायला जाईबाईंना देऊन टाकला.

मग कुणाकडून तरी कळलं, की गिरगावात खोताच्या वाडीत मिस्किटासाहेब म्हणून आहेत, रेल्वेच्या नकाशेखात्यातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे साडेतीन इंची कोळशाची वॅगन आहे, विलायतेची.

रविवारी दुपारची जेवणं उरकून दोघं ट्रामने गेले. दत्तारामांनी इस्त्रीचा कोट घातला होता. बकुळाच्या मनात आलं, आपल्याला बघायला आले तेव्हा कोट नव्हता.

मिस्किटासाहेब वाळक्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी पाऊण तास वॅगनीचं नावच काढलं नाही. इंजिनाचा नकाशा मागून घेतला, भिंगातून बघितला, बॉयलर कुणी जोडला, किती दाब धरतो, चाकं कुठे ओतली, सगळं विचारलं. दत्ताराम परीक्षेला बसल्यासारखे उत्तरं देत होते. शेवटी साहेब म्हणाले, "इंजिन चांगलं हाय," आणि काचेच्या कपाटातून दोन्ही हातांनी वॅगन काढून टेबलावर ठेवली.

खोटं कशाला बोला, वॅगन देखणी होती. सवा फूट लांब. फळी न् फळी वेगळी, खिळा न् खिळा वेगळा, बाजूचे दरवाजे उघडायचे, कडीला साखळी. दत्ताराम खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"चाळीस वर्सं झाली," मिस्किटासाहेब म्हणाले. "ह्यात कोळशाचा एक कण पडला नाय."

दत्तारामांनी आदराने मान हलवली.

"मग ही कोळशाची वॅगन कशी?" बकुळा म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. कोपऱ्यातल्या मारियामातेच्या मूर्तीनेही बघितलं असं तिला वाटलं. मग साहेब दत्तारामांकडे वळून म्हणाले, "दसऱ्यापर्यंत घेऊन जावा. खुशीने देतो. फकस्त कोळसा घालायचा नाय. आणि तुमी बसणार कुठं? तुमचं वजन किती?"

"बसायचं असं काही नाही," दत्ताराम घाईघाईने म्हणाले.

वॅगन दसऱ्याआधीच्या शनिवारी न्यायची ठरलं. परतीच्या ट्राममध्ये दत्ताराम खुशीत होते. "तीच घेऊ. शोभेल."

"आणि तुम्ही?"

"मी चालेन की बाजूने. थोडा थोडा कोळसा पिशवीतून टाकत. त्यात काय!"

पंचवीस वर्षं माणसाला वाढलेलं असलं की तो पानातलं काय टाळतोय ते वाढणारीला बरोबर कळतं. पत्रा हलका होता, फळ्या उभ्या होत्या, आणि आता जी मिळाली तिच्यावर मांजरसुद्धा बसू शकत नव्हतं, म्हणून ती पसंत होती. या माणसाला वॅगन नको होती. आपण बसलो आणि इंजिनाने आपल्याला ओढलंच नाही तर? सगळ्या चाळीसमोर? नऊ वर्षं पोटात ठेवलेली भीती होती ती, आणि ती कोट घालून ट्राममध्ये बसली होती.

"वजन किती हो तुमचं?" तिने विचारलं.

"वजनाचं काय मध्येच?"

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना कोळशाच्या वखारीत नेलं. खाणावळीला महिन्याला पाच पोती लागायची, त्यामुळे वखारवाला गंगाधरचा मामा, अप्पा, तिच्या शब्दाबाहेर नव्हता. "पोतं जड आहे, जरा हात लावा," असं सांगून तिने नवऱ्याला काट्याच्या फळीवर उभं केलं आणि अप्पाला डोळ्याने खुणावलं.

अप्पाने वजनं चढवली, उतरवली. "दोन मण नऊ शेर," तो म्हणाला. "घरपोच पाठवू?"

तो आकडा पदराच्या गाठीत बांधावा तसा घेऊन, बुधवारी दुपारी, दोन जेवणांच्या मध्ये, बकुळा दादरला बहिणीकडे गेली. काखेत एक फणसाचा पाट होता, खाणावळीतला. कौसल्याने दार उघडलं आणि पाटाकडे बघून म्हणाली, "ताई, आमच्याकडे बसायला आहे गो."

कोंडीराम पहिल्या पाळीहून येऊन चहा पीत होता. बकुळाने त्याला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "भावोजी, हे मी सांगायला आलेय. त्यांनी पाठवलं नाही."

"ते कळलंच," कोंडीराम म्हणाला. "परळवाले कशाला पाठवतात." त्याने बशीतला चहा संपवला. "दोन मण नऊ शेर. चाकांत बॉल बेअरिंग घातलं तर ओढेल. आरामात ओढेल. तुम्ही मागून फुंकर मारलीत तरी चालेल, ताई. मला एक सांगा, थांबवणार कसं?"

"म्हणजे?"

"सुटली. नव्वद फूट गेली. पुढे काय आहे?"

"जिना."

"मग थांबवणार कसं?"

नऊ वर्षं बकुळाच्या खोलीत बॉयलरबद्दल, वाफेबद्दल, शिटीबद्दल बोलणं झालं होतं. थांबायचं कुणी बोललं नव्हतं.

"दांडा बंद केला की वाफ थांबते," ती म्हणाली.

"वाफ थांबते. आमचे साडू थांबत नाहीत. दोन मण नऊ शेर चालू लागले की त्यांना कोण अडवणार? परळवाल्यांचं हेच आहे. इंजिन तयार झालं की ढकलून फाटकाबाहेर. थांबणं हे त्यांच्या खात्यात येतच नाही. ते आमचं."

आणि बकुळाला आठवलं, की रोज सकाळी ती गॅलरी धुते तेव्हा पाणी आपोआप जिन्याकडे जातं. झाडूसुद्धा लावावा लागत नाही. दत्तारामांनी रूळ टाकताना गॅलरी सपाट आहे असं पाणसळ लावून बघितलं होतं, पण ते मधल्या खांबापाशी. त्या खांबापुढे जिन्याकडे उतार आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी ती कधी धुतली नव्हती.

"करा," ती म्हणाली. "आणि बसायला हा पाट लावा. यावर वीस वर्षं गिरणीतले हमाल जेवलेत. कुरकुरलेला नाही."

कोंडीरामने पाट उलटा करून अंगठ्याने ठोकून बघितला. "कोळशाची पेटी पुढे किती लांब ठेवू? त्यांचा हात कुठवर पोचतो?"

"हात लांब आहे. पण पोट आधी येतं."

"दहा इंच, मग. आणि ब्रेक मागच्या बाजूला."

"मागे का? बसलेल्या माणसाला लागणार कसा?"

"त्याला लागायचाच नाही. गार्ड मागे असतो, ताई."

"गार्ड कोण?"

कोंडीरामने पाटावर नसलेली धूळ फुंकली. "ते परळवाल्यांनी ठरवायचं. आणखी एक. वॅगनीवर नाव पडणार. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय वॅगन सुटत नाही."

आठ दिवसांत वॅगन झाली. बकुळाने ती जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रामने आणली. कंडक्टरने विचारलं, "काय आहे?"

"वॅगन."

"कशाची?"

"कोळशाची."

त्याने थोडा विचार केला आणि पुढच्या बाकाकडे गेला. ट्रामवर काम करणाऱ्याला रोज बरंच काय काय ऐकावं लागतं.

वॅगन दिसायला चांगली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे दहा इंचांची जाड फळ्यांची पेटी, मागे तो पाट, खाली आठ लहान चाकं, शेपटाला एक लोखंडी दांडा वर आलेला. आणि बाजूला पितळेच्या पट्टीवर ठोकून उमटवलेलं : माटुंगा, १९५७.

दत्ताराम पाळीहून आले. वॅगन खोलीच्या मधोमध होती, दुसरीकडे जागाच नव्हती. त्यांनी टोपी काढली. खाली बसले. एक चाक बोटाने फिरवलं. चाक फिरत राहिलं. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, तरी ते फिरतच होतं, असं बकुळा पुढे सांगायची. तेवढं खरं धरायचं कारण नाही.

"कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"वाचा की."

"मी यावर बसणार नाही."

"बरं."

"मिस्किटासाहेबांची आणू शनिवारी."

"त्यांना मी कार्ड टाकलंय. आमचं दुसरीकडे जमलं म्हणून."

दत्तारामांनी चाक बोटाने थांबवलं. "मी नाही बसणार, गो. एकदा सांगितलं."

"तुम्हाला बसायला कोण सांगतंय?" बकुळा तांदूळ निवडत म्हणाली. "मी बसणार आहे. माझं वजन एक मण आठ शेर. पंचवीस वर्षं विस्तव सांभाळलाय मी, तोही बावीस माणसांचा. तुमच्या इंजिनाला काय लागतं? वेळेवर कोळसा आणि लक्ष."

हे ती बोलली तेव्हा नुसतं डिवचायला म्हणून बोलली होती. पण बोलून झाल्यावर तिला ते आवडलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने आपला हात एकदा पुढे करून बघितला. पोचत होता.

खंडेनवमीला चाळीत सगळ्यांनी आपापली हत्यारं पुजली. दत्तारामांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. वॅगनीपाशी त्यांचा हात थबकला आणि ते कुंकवाचा करंडा तिथेच ठेवून उठले. वॅगनीला कुंकू बकुळाने लावलं, पाटाला, चाकांना, आणि माटुंग्यालाही.

दसऱ्याला गिरण्या बंद. सकाळी नऊलाच गॅलरीत बावीस खाणावळकरी, तीन मजल्यांवरची माणसं, आणि समितीची टोपी घातलेला गंगाधर. "काका, आज सीमोल्लंघन," तो म्हणाला. "जिन्यापर्यंत तुम्ही जा, पुढे बेळगावपर्यंत आम्ही बघतो." कौसल्या आणि कोंडीरामही आले होते. बकुळाने बोलावलं होतं. कोंडीराम कुणाशी काही न बोलता सगळ्यांच्या मागे, मोरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. रुळाची सुरुवात नेमकी तिथेच होती.

बकुळाने इंजिन पेटवलं. आधी रॉकेलात भिजवलेले लाकडी कोळसे, ते धगधगले की वरून दगडी कोळसा, सुपारीएवढा फोडून भाताच्या चाळणीने चाळलेला. दत्ताराम हात पाठीमागे बांधून बघत होते. विस्तव एकसारखा लागला. वाफेच्या दाबाचा काटा चढला. त्यांना नाव ठेवायला जागा मिळेना, त्यामुळे ते जास्तच अस्वस्थ झाले.

काटा लाल रेघेला आला. बकुळाने पदर खोचला, पाटावर मांडी घालून बसली आणि पुढे वाकून दांड्यावर हात ठेवला. दांडा गरम होता, आणि आत काहीतरी थरथरत होतं, उकळीला आलेल्या पातेल्यासारखं. तिला एकदम सगळी गॅलरी लांबलचक दिसायला लागली.

"असा नाही धरत," दत्ताराम म्हणाले.

"मग?"

"वरून धरतेस. खालून धरायचा. ऊठ. असा. बोटं खाली, अंगठा वर. आणि एकदम नाही ओढायचा, आधी केसभर..."

तो कसा धरायचा ते दाखवताना ते पाटावर बसलेले होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मागे वळायला उशीर झाला होता, कारण सगळी चाळ बघत होती. बकुळा बाजूला उभी राहिली. तिला बरं वाटलं. अगदी थोडंसं वाईटही वाटलं. तिने हातातल्या पळीने पेटीतला कोळसा सारखा केला.

दत्तारामांनी दांडा केसभर ओढला. इंजिनाने जोरात श्वास सोडला, चाकं गरगर फिरली आणि जागेवरच फिरली. वॅगन हलली नाही. दत्तारामांची मान लाल झाली. बकुळाला ती मान मागून दिसत होती, आणि तिने आयुष्यात मागितलं नव्हतं तेवढं त्या क्षणी लालबागच्या, परळच्या आणि गावच्या सगळ्या देवांकडे मागून घेतलं.

त्यांनी दांडा मिटला. एक क्षण थांबले. मग पुन्हा, अगदी हळू, दूध पाजताना चमचा कलवावा तसा तो ओढला. चाकांनी रूळ धरला. इंजिन एकदा फुसफुसलं, पुन्हा फुसफुसलं, आणि दोन मण नऊ शेर पुढे सरकले.

"चाललं!" जाईबाई ओरडल्या. त्यांच्या दारापलीकडे ते इंजिन पहिल्यांदाच जात होतं.

बकुळा एका बाजूने वाकून धावत पळीपळीने विस्तवात कोळसा टाकत होती. दत्ताराम समोर बघत होते. ताठ, फाटकातून बाहेर पडणारे ड्रायव्हर बघायचे तसे. वॅगनीमागे कोंडीराम चालत होता. त्याला कुणी चाल म्हटलं नव्हतं. त्याचा उजवा हात शेपटाच्या दांड्यावर होता.

साठाव्या फुटाला उतार लागला. बकुळाला तो पायांना कळला. वेग वाढला. दत्तारामांनी दांडा मिटला, पूर्ण मिटला. इंजिन गप्प झालं आणि वेग तेवढाच राहिला, उलट थोडा वाढला. जिन्याच्या तोंडाशी गंगाधर उभा होता, त्याने शेजारच्या दारातून एक गादी ओढून आडवी धरली.

"ब्रेक," दत्ताराम म्हणाले. समोर बघतच.

मागून काही झालं नाही.

"ब्रेक!"

"कुणाला सांगताय?" मागून कोंडीरामचा आवाज आला. तो आता जवळजवळ धावत होता. "गार्डाला हुकूम नावाने द्यावा लागतो."

जिना दहा फुटांवर होता. आठ. बकुळाने तोंड उघडलं, पण आपण मध्ये बोलायचं नाही असं तिला आतून वाटलं आणि तिने पळी घट्ट धरली.

"कोंडीराम! मेल्या, ब्रेक लाव रे!"

कोंडीरामने दांडा ओढला. लोखंड लोखंडावर कचकचलं, ठिणग्या उडाल्या, जळका वास आला, आणि वॅगन उभी राहिली. इंजिनाचं नाक आणि गादी यांच्यात दीड वीत अंतर होतं. गंगाधरने नंतर ते मोजून घेतलं.

गॅलरीत टाळ्या वाजल्या. दत्ताराम मान न वळवता म्हणाले, "उशिरा लावलास."

"हुकूम उशिरा सुटला," कोंडीराम धापा टाकत म्हणाला.

"ब्रेकचा गुटका डाव्या बाजूला घासतोय."

"घासतोय. उद्या काढून बघतो."

"आज बघ. आता उलटं न्यायचंय, चढ आहे. इथे चढ आहे हे कुणी सांगितलं नाही मला."

"विचारलं नाही कुणी," बकुळा म्हणाली आणि पेटीत कोळसा भरायला वाकली.

त्या दिवशी इंजिन सात वेळा गेलं आणि सात वेळा आलं. पाचव्या फेरीनंतर इंजिनाचा कोळसा संपला, तेव्हा बकुळाने रात्रीच्या सैपाकाचा आणला. खाणावळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा दुपारचं जेवण तीनला झालं, आणि बावीस माणसांपैकी एकानेही घड्याळाकडे बघितलं नाही. दोघे साडू शेजारी शेजारी पानावर बसले आणि ब्रेकचा गुटका बिडाच्या लोखंडाचा असावा की लाकडाचा यावर भांडत राहिले. मध्ये कुणी बसलं नाही, कारण मध्ये जागाच ठेवली नव्हती.

बकुळा वाढत होती. दत्ताराम उजव्या हाताने जेवत होते, घास उचलत होते, कोंडीरामला बोट दाखवत होते. डावा हात मांडीवर होता. त्याची मूठ वळलेली होती, बोटं खाली, अंगठा वर. मधूनमधून ती मूठ केसभर मागे यायची आणि पुन्हा जागेवर जायची. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

बकुळाने श्रीखंड वाढलं. पाण्याचं भांडं त्यांच्या डाव्या अंगाला ठेवायचं होतं. ती थोडी लांबून वाकली आणि मुठीला धक्का लागणार नाही अशा बेताने ते ठेवून पुढच्या पानाकडे गेली.